बाळाला स्टिरॉइड सल्फाटेज नाही: हार्मोन, त्वचा आणि पुढचं मूल

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा आठ महिन्यांचा आहे. गरोदरपणातल्या रक्तचाचणीत इस्ट्रिऑल (गरोदरपणात वाढणारं इस्ट्रोजेन हार्मोन) जवळजवळ शून्य आलं होतं, सगळे घाबरले, पण सोनोग्राफी नीट होती. दिवस भरून उलटले तरी कळा आल्या नाहीत. औषधं देऊनही गर्भाशयाचं मुख उघडेना, शेवटी सिझेरियन झालं. आता बाळाच्या पोटावर आणि पोटऱ्यांवर तपकिरी खवले दिसतात. त्वचारोगतज्ज्ञांनी मायक्रोॲरे, म्हणजे गुणसूत्रांचा एखादा तुकडा कमी-जास्त आहे का हे बघणारी चाचणी, करायला सांगितली. रिपोर्टमध्ये एक्स गुणसूत्राच्या एक्सपी२२.३१ या भागातला सुमारे १.६ मेगाबेसचा (म्हणजे डीएनएच्या सोळा लाख अक्षरांचा) तुकडा नाही आणि त्यात स्टिरॉइड सल्फाटेज या एन्झाइमचं जनुक गेलेलं आहे. बाळाच्या मामाची त्वचाही लहानपणापासून अशीच आहे. इंटरनेटवर त्यांनी वाचलं, की या एन्झाइमशिवाय स्टिरॉइड हार्मोन तयार होत नाहीत. मग मुलगा वयात येईल का, त्याला मूल होईल का, डीएचईए या हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या का, स्वमग्नता (ऑटिझम) येणार का, आणि पुढच्या बाळाचं काय?

ताई, तुमच्या बऱ्याचशा काळजीच्या मुळाशी एकच समजूत आहे: स्टिरॉइड सल्फाटेज हा हार्मोनचा कारखाना आहे आणि तो बंद पडलाय. ही समजूत दुरुस्त झाली की निम्मे प्रश्न गळून पडतील. उरलेले निम्मे खरे आहेत, पण त्यांचं उत्तर या एन्झाइमपेक्षा गुणसूत्राचा तुकडा नेमका कुठून कुठपर्यंत गेलाय यावर जास्त ठरतं. मी वैद्यकीय जनुकशास्त्राच्या ओपीडीत अशी कुटुंबं पाहतो. तिथे ज्या क्रमाने समजावतो त्याच क्रमाने लिहितो.

आधी एन्झाइमचं काम. शरीर अनेक स्टिरॉइड रेणूंना सल्फेटचा गट जोडून ठेवतं. सल्फेट लागलं की रेणू पाण्यात सहज विरघळतो, रक्तात बराच काळ टिकतो, पण हार्मोन म्हणून काम करत नाही. ॲड्रिनल ग्रंथीतून येणारं डीएचईए बहुतांशी डीएचईए-सल्फेटच्या रूपात फिरतं, आणि रक्तात इतक्या मोठ्या प्रमाणात असणारं दुसरं स्टिरॉइड नाही. ही एक मुदत ठेव समजा. ज्या पेशीला गरज असेल ती सल्फेट काढून ठेव मोडते आणि मोकळ्या झालेल्या रेणूपासून पुढचं हार्मोन बनवते. सल्फेट काढण्याचं हे काम स्टिरॉइड सल्फाटेजचं. ते पेशीच्या आतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाच्या पडद्यांत रुतून बसलेलं असतं. डीएचईए-सल्फेट, इस्ट्रोन-सल्फेट, प्रेग्नेनोलोन-सल्फेट आणि कोलेस्टेरॉल-सल्फेट ही त्याची मुख्य गिऱ्हाइकं. त्यातलं शेवटचं नाव लक्षात ठेवा, तुमच्या बाळाच्या त्वचेची सगळी गोष्ट त्यातच आहे.

ठेव मोडता आली नाही म्हणून माणूस कंगाल होतोच असं नाही, चालू कमाई असली तर. पुरुषात वृषण थेट कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन बनवतात. त्या वाटेवर स्टिरॉइड सल्फाटेज लागत नाही. ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवते, तिथेही त्याची गरज नाही. म्हणून हे एन्झाइम अजिबात नसलेले मुलगे वेळेवर वयात येतात, त्यांना दाढी-मिशा येतात, त्यांचं टेस्टोस्टेरॉन साधारण सामान्य असतं आणि बहुतेकांना स्वतःची मुलं होतात. वयात येण्याआधीच्या अशा मुलांत ५-अल्फा रिडक्टेज हे दुसरं एन्झाइम जरा जास्त काम करताना आढळलं आहे. म्हणजे हाती असलेल्या थोड्या अँड्रोजेनचं (पुरुषी हार्मोनचं) शरीर अधिक जोमदार रूपात रूपांतर करतं आणि तूट भरून काढतं. तुमचा भाऊ हा याचा घरातलाच पुरावा आहे. त्याला वयात यायला अडचण आली नसेल, तर या तुकड्यामुळे भाच्याला ती येईल असं मानायला कारण नाही.

त्यामुळे डीएचईएच्या गोळ्या नकोत. हे ठामपणे सांगतो, कारण अशा गोळ्या ‘पूरक आहार’ म्हणून विकल्या जातात आणि आईवडील चांगल्या हेतूने द्यायला लागतात. आठ महिन्यांच्या बाळाला अँड्रोजेनचा कच्चा माल देणं म्हणजे नसलेल्या आजारावर उपचार करून नवा आजार ओढवून घेणं.

जाता जाता एक गोष्ट. स्तनाच्या कर्करोगात, विशेषतः पाळी बंद झालेल्या स्त्रियांत, गाठीतल्या पेशी याच एन्झाइमच्या मदतीने इस्ट्रोन-सल्फेट आणि डीएचईए-सल्फेटमधून स्वतःपुरतं इस्ट्रोजेन मिळवतात. म्हणून हे एन्झाइम बंद पाडणारी औषधं शोधली गेली. इरोसुस्टॅट त्यातलं सर्वांत पुढे गेलेलं, त्याच्या चाचण्या रुग्णांवर झाल्या, पण ते नेहमीच्या वापरात आलेलं नाही. जिथे एन्झाइम कमी करण्यासाठी औषध शोधावं लागतं, तिथे जन्मतःच ते नसलेली माणसं वर्षानुवर्षं धडधाकट फिरताना दिसतात. संशोधकांना त्यातून धीर मिळाला, तुम्हीही घ्या.

आता त्वचा. इथे चालू कमाईचा मार्गच नाही. त्वचेच्या खालच्या थरातल्या पेशी कोलेस्टेरॉल-सल्फेट बनवतात. पेशी वर सरकत जातात तसं स्टिरॉइड सल्फाटेज त्यातलं सल्फेट काढतं. वरच्या दाणेदार थरात स्निग्ध पदार्थांपैकी साधारण ५ टक्के असलेलं कोलेस्टेरॉल-सल्फेट अगदी बाहेरच्या थरात १ टक्क्याच्या आसपास उतरतं. हे उतरणं महत्त्वाचं, कारण मृत पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे जोड तोडणाऱ्या प्रथिनभंजक एन्झाइमांना कोलेस्टेरॉल-सल्फेट अडवतं. ते कमी झालं की जोड सुटतात आणि रोज आपल्या नकळत त्वचेचा बारीक कोंडा गळत राहतो. तुमच्या बाळात कोलेस्टेरॉल-सल्फेट साठून राहतं, जोड तुटत नाहीत, पेशी गळत नाहीत, थरावर थर चढतो आणि तपकिरी खवले दिसू लागतात. त्वचा तयार होण्याचा वेग साधारण ठीकच असतो, अडचण सोडण्यात आहे. शिवाय सल्फेट निघाल्यावर जे मोकळं कोलेस्टेरॉल मिळायला हवं तेही कमी पडतं, म्हणून त्वचेचा बांधही थोडा कच्चा राहतो आणि ती कोरडी पडते.

या आजाराचं नाव एक्स-संलग्न इक्थिओसिस. साधारण दर २,००० ते ६,००० मुलग्यांमागे एकाला तो असतो, म्हणजे फार दुर्मीळ नाही. अनेकांना आयुष्यभर ‘तुझी त्वचा कोरडी आहे’ एवढंच सांगितलं जातं. जनुक एक्सवर आहे, पुरुषाला एकच एक्स, आणि वाय गुणसूत्रावर या जनुकाची जी प्रत आहे ती निकामी. म्हणून मुलग्यात एक प्रत गेली की सगळंच गेलं. बाईकडे दुसरी प्रत असते. त्यातही गंमत अशी, की बाईच्या पेशींत सहसा एक एक्स झोपवला जातो, पण हे जनुक त्या झोपेतूनही बरंचसं जागं राहतं. म्हणून वाहक स्त्रियांत, म्हणजे एक प्रत गेलेल्या बायकांत, साधारण निम्मं एन्झाइम असतं आणि त्वचेला तेवढं पुरतं.

तुमच्या बाळंतपणाचा आणि या खवल्यांचा संबंध आहे का, असं तुम्ही जरा बिचकत विचारलंय. आहे, आणि सरळ आहे. वार ही बाळाची असते, तिच्यात बाळाची जनुकं असतात. गरोदरपणात इस्ट्रिऑल असं बनतं: बाळाच्या ॲड्रिनल ग्रंथी डीएचईए-सल्फेट पाठवतात, बाळाचं यकृत त्यात थोडा बदल करतं, मग वार सल्फेट काढते आणि त्याचं इस्ट्रिऑल करते. या साखळीत वारेला दुसरा मार्ग नाही. सल्फाटेज नाही म्हणजे इस्ट्रिऑल जवळजवळ नाही. तुमच्या रक्तचाचणीतला तो शून्याजवळचा आकडा हाच. बाळाला त्या इस्ट्रिऑलची फारशी गरज नसते, म्हणून त्याची वाढ चांगली झाली. मात्र गर्भाशयाचं मुख मऊ होण्यात आणि कळा सुरू होण्यात इस्ट्रोजेनचा हात असतो. म्हणून अशा काही गरोदरपणांत दिवस उलटतात, मुख तयार होत नाही, कळांच्या औषधाला प्रतिसाद मंद मिळतो. काही, असं मुद्दाम म्हणतो. कित्येक बायका अशा बाळांना नेहमीसारखा जन्म देतात आणि कुणाला काही कळतही नाही.

तुमच्या डॉक्टरांना दोन टोकं जोडता आली नाहीत याचा राग येणं साहजिक आहे, पण वैद्यकशास्त्रालाही ती जोडायला वेळ लागला होता. वेल्स आणि केर या संशोधकांनी १९६५ मध्ये इक्थिओसिसचा हा एक्स-संलग्न प्रकार त्वचारोग म्हणून वेगळा काढला. न्यूझीलंडमध्ये फ्रान्स आणि लिगिन्स या संशोधकांनी १९६९ मध्ये वारेत सल्फाटेज नसल्याचं वर्णन केलं. (हे तेच लिगिन्स, ज्यांच्या कामामुळे आज अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाआधी आईला बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात.) वारेचा दोष आणि खवल्यांचा आजार एकच, हे १९७८ मध्ये स्पष्ट झालं. तोवर प्रसूतितज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ एकाच आजाराची दोन टोकं आपापल्या विभागात धरून बसले होते.

म्हणजे हिशेब असा: जिथे दुसरा मार्ग आहे तिथे, म्हणजे वाढ, वयात येणं, जननक्षमता यांत, या एन्झाइमची उणीव सहसा जाणवत नाही. जिथे नाही, तिथे म्हणजे त्वचेत आणि वारेत, ती दिसते.

आता तो भाग, जिथे माझं उत्तर तुमचा रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय पुरं होत नाही. एक्स-संलग्न इक्थिओसिस असलेल्या दर दहापैकी जवळजवळ नऊ जणांत अख्खं जनुक गळालेलं असतं. कारण या जनुकाच्या दोन्ही बाजूंना एकसारख्या दिसणाऱ्या डीएनएच्या पुनरावृत्ती आहेत. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रं जुळतात तेव्हा एका बाजूची पुनरावृत्ती चुकून दुसऱ्या बाजूच्या पुनरावृत्तीशी जुळते आणि मधला तुकडा गळतो. टोकं ठरलेली, म्हणून तुकड्याचा आकारही बहुधा ठरलेला: दीड ते पावणेदोन मेगाबेसच्या आसपास. तुमचा १.६ या नेहमीच्या आकारातच बसतो, ही चांगली खूण आहे. तरी रिपोर्टमधली गळालेल्या जनुकांची यादी बघा. त्यात एनएलजीएन४एक्स आहे का? ते बौद्धिक विकास आणि स्वमग्नतेशी जोडलेलं आहे. एएनओएस१ आहे का? ते गेलं तर कालमन सिंड्रोम होतो, म्हणजे वास येत नाही आणि वयात येणं खरोखरच अडतं. ही दोन्ही त्या यादीत नसतील, तर तुम्ही वाचलेल्या भीतिदायक गोष्टींपैकी बऱ्याच तुमच्या मुलाच्या नाहीत, मोठा तुकडा गेलेल्या मुलांच्या आहेत. इंटरनेटवर हे सगळं एकाच नावाखाली सापडतं आणि घोळ होतो.

स्वमग्नतेबद्दल मात्र मी ‘काहीच नाही’ असं म्हणणार नाही. नेहमीच्या आकाराचा तुकडा गेलेल्या मुलांतही अवधान टिकवण्याची अडचण, म्हणजे एडीएचडी, इतर मुलांपेक्षा जास्त आढळते. त्यात बहुधा दंग्यापेक्षा लक्ष न लागणं जास्त असतं. स्वमग्नतेची लक्षणंही काहीशी जास्त दिसतात. मेंदूतही हे एन्झाइम असतं आणि सल्फेट लागलेली स्टिरॉइड तिथल्या रिसेप्टरांवर (संदेश टिपणाऱ्या प्रथिनांवर) परिणाम करतात, त्यामुळे संबंध असणं पटण्यासारखं आहे. पण या अभ्यासांतली बरीच मुलं दवाखान्यात आलेली होती, आणि अडचण असलेलीच मुलं दवाखान्यात जास्त येतात, हेही ध्यानात घ्या. मी पालकांना सांगतो, की नेहमीच्या वेळापत्रकाने विकासाचे टप्पे बघा, बोलणं उशिरा वाटलं किंवा शाळेत लक्ष लागत नाही असं शिक्षकांनी सांगितलं तर ‘होईल हळूहळू’ म्हणून वर्ष घालवू नका. त्यापलीकडे मुलाकडे सतत संशयाने बघू नका. आठ महिन्यांच्या बाळाची स्वमग्नतेसाठी आज काही तपासणी करायची नाही.

आज करण्यासारखं काय, तर पहिलं वृषण. दोन्ही वृषण पिशवीत उतरलेत का हे बालरोगतज्ज्ञांकडून हाताने तपासून घ्या. या मुलांत ते न उतरण्याचं प्रमाण जास्त असतं. सहा महिन्यांनंतर न उतरलेलं वृषण आपोआप उतरण्याची शक्यता कमी, आणि शस्त्रक्रिया साधारण दीड वर्षाच्या आत झालेली बरी. तुमचं बाळ आठ महिन्यांचं आहे, म्हणून ही गोष्ट यादीत सर्वांत वर ठेवली. दुसरं डोळे. मोठेपणी काहींच्या पारपटलाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) मागच्या बाजूला बारीक ठिपके दिसतात, वाहक स्त्रियांतही कधी कधी. त्यांनी नजरेला काही होत नाही. नेत्रतज्ज्ञाने उद्या ते पाहून भुवया उंचावल्या तर कारण माहीत असावं, इतकंच.

त्वचेची काळजी कंटाळवाणी आहे आणि रोजची आहे. छोटी, कोमट पाण्याची अंघोळ, सौम्य साबण किंवा साबणाऐवजी चालणारं क्लिन्झर, मऊ कापडाने टिपून घेणं आणि अंग ओलसर असतानाच घट्टसर मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली. खवले घासून काढू नका. निघतात, पण त्वचा दुखावते आणि ते परत येतात. मूल मोठं झालं की युरिया किंवा लॅक्टिक ॲसिड असलेली क्रीम खवले सैल करतात. ती कधी आणि किती टक्क्यांची, हे त्वचारोगतज्ज्ञांना ठरवू द्या, कारण लहान बाळाच्या त्वचेतून औषध जास्त शोषलं जातं आणि चुरचुरतंही. सॅलिसिलिक ॲसिडची मलमं तर बाळाला अंगभर मुळीच लावू नका, ते रक्तात उतरून विषबाधा करू शकतं. उन्हाळ्यात आणि दमट हवेत त्वचा बरी दिसते, थंडीत बिघडते. दिसणं वर्षागणिक बदलत राहील, तळहात आणि तळपाय बहुधा स्वच्छच राहतील. आहार बदलून किंवा जीवनसत्त्वं देऊन यात फरक पडत नाही. हा संसर्ग नाही, हे मात्र पाळणाघरात आणि शाळेत तुम्हालाच आधी सांगावं लागेल.

पुढचं मूल. भावाला असाच त्रास आहे म्हणजे तुम्ही वाहक असण्याची शक्यता फार मोठी, पण तपासून खात्री करा. तपासताना एक खाच आहे. तुमच्याकडे चांगली प्रत आहे, त्यामुळे जनुकाचा क्रम वाचणारी साधी चाचणी ‘सर्व ठीक’ असं सांगू शकते. जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी हवी: मायक्रोॲरे, एमएलपीए किंवा फिश. तुम्ही वाहक असाल तर प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. गर्भात तपासणी करता येते. ती करावीच असं मी म्हणत नाही. तुकडा नेहमीच्या आकाराचा असेल तर बहुतेक कुटुंबं ती करत नाहीत, असा माझा अनुभव आहे. तो निर्णय तुमचा.

तपासणी करा अगर न करा, प्रसूतितज्ज्ञांना पहिल्याच भेटीत हा इतिहास लेखी द्या. इस्ट्रिऑल मोजणारी चाचणी पुन्हा झाली आणि आकडा पुन्हा तळाला गेला, तर कारण आधीच माहीत असेल. मात्र कमी इस्ट्रिऑलची इतर कारणंही असतात, चुकलेल्या तारखेपासून स्मिथ-लेम्ली-ओपिट्झ सिंड्रोम या जनुकीय आजारापर्यंत, त्यामुळे ‘मागच्यासारखंच असेल’ म्हणून सोनोग्राफी टाळायची नाही. दिवस उलटू लागले तर किती थांबायचं आणि आधीच्या सिझेरियनच्या टाक्यावर कळांचं औषध चालेल का, हे नवव्या महिन्याआधीच बोलून घ्या. आणि वाहक स्त्रियांच्या सर्वेक्षणांत बाळंतपणानंतर मन खचण्याचं प्रमाण जास्त आढळलंय. या वेळी तुम्हाला तसं झालं असेल आणि ते थकव्यावर ढकललं गेलं असेल, तर पुढच्या वेळी ते आधी सांगून ठेवा.

राहिला तुमचा भाऊ, ज्याला हे सगळं सांगावं की नाही असं तुम्ही शेवटी विचारलंय. सांगा. त्याच्या मुलग्यांना वडिलांकडून वाय मिळतो, त्यामुळे त्यांच्यात हा दोष उतरणार नाही. त्याच्या सगळ्या मुली मात्र वाहक असतील आणि त्यांच्या बाळंतपणात हीच माहिती कामी येईल. दुसरं कारण त्याच्या स्वतःच्या तब्येतीचं आहे. हा तुकडा गेलेल्या प्रौढ पुरुषांत हृदयाची लय बिघडण्याचं, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशनचं, प्रमाण जास्त आढळलं आहे. त्यासाठी आज त्याने काही औषध घ्यायचं नाही. पण छातीत धडधड होते, ठोके चुकल्यासारखे वाटतात असं कधी झालं तर त्याने ते अंगावर काढू नये, ईसीजी काढून घ्यावा आणि त्या डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवावा.